तीस बाक, साठ जागा : दहावीच्या वर्गासोबत दादरमधले तीन दिवस

शुक्रवार

घोळ पहिल्या पाच मिनिटांतच झाला. निरोप साधा होता : सकाळी साडेदहा, दादर, मध्य रेल्वेचा एक नंबर, जिन्यापाशी. पुण्याहून डेक्कन क्वीनने आलेले तिघे एक नंबर शोधत राहिले आणि नाशिकचे दोघे सरळ पश्चिम रेल्वेच्या एक नंबरवर जाऊन उभे राहिले. डिसेंबर 2023 पासून दादरच्या फलाटांचे आकडे सलग झालेत. पश्चिमेचे 1 ते 7 तसेच आहेत, मध्य रेल्वेचे आता 8 ते 14. मध्यचा जुना एक म्हणजे आजचा आठ. मार्च 1993 ला दहावी देऊन पुढे मुंबई सोडलेल्यांच्या डोक्यात मात्र जुनेच आकडे पक्के बसलेले. जुन्या वर्गाला फलाटावर बोलावूच नये. आम्ही शेवटी सगळ्यांना पश्चिमेला, केशवसुत पुलाखाली फुलवाल्यांजवळ बोलावलं. ती जागा प्रत्येकाला नाकानेच सापडते.

आमच्या जुन्या वर्गाचा मेळावा शनिवारी होता. अकरा जण एक दिवस आधी आले ते एका कामासाठी. दहावी ‘ब’मधलं प्रत्येक जण कुठे बसायचं, वर्गात काय करायचं, हे कागदावर आणायचं होतं. गर्दीत हे होत नाही. चाळीस माणसं एकत्र आली की डझनभर नावांवरच गप्पा फिरतात : पहिला येणारा, सगळ्यात जास्त मार खाणारा, सरांची नक्कल करणारा, गाणारी, पळून जाऊन सिनेमा बघणारे चौघे. वर्ग साठांचा. उरलेल्या अठ्ठेचाळीस जणांचं नाव निघालं की ‘हो, होता ना, शांत होता’ यापुढे गाडी सरकत नाही.

म्हणून पहिला दिवस चालण्याचा ठेवला. ‘आठवतं का’ विचारलं की माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. जागेवर उभं करून तारीख सांगून विचारलं की बोलतो. प्लाझा सिनेमासमोर हे पहिल्यांदा कळलं. 12 मार्च 1993, शुक्रवार, दुपार. त्या दिवशीच्या बॉम्बस्फोटांतला एक प्लाझाला झाला होता. प्रश्न एकच विचारला : त्या दुपारी तू कुठे होतास, आणि वर्गातलं पहिलं माणूस तुला कोण दिसलं? अकरा जणांच्या बोलण्यात चौदा नावं आली आणि त्यांतली पाच याआधी कुणी उच्चारलीही नव्हती. सगळ्यांत जास्त वेळा नाव निघालं ते मधल्या रांगेतल्या, फारसं न बोलणाऱ्या एका मुलाचं. तेव्हा वर्गात फोन मोजक्या घरी, बाकीच्यांचे शेजाऱ्यांचे पीपी नंबर. हा पोरगा संध्याकाळी सायकल काढून घराघरांत ‘अमका सुखरूप आहे’ असे निरोप देत फिरला होता. चौघांना तो आपापल्या दारात उभा असलेला आठवत होता, आणि इतरांच्याही घरी तो गेला होता हे चौघांनाही तिथे फुटपाथवर पहिल्यांदा समजलं.

पुढे त्याच रस्त्यावर शिवाजी मंदिर. 1965 पासून उभं असलेल्या या नाट्यगृहात दादरच्या कितीतरी शाळांची स्नेहसंमेलनं झाली, आमचंही नववीचं इथेच. इथे विचारायचा प्रश्न : प्रॉम्प्टिंग कोण करत होतं? नायक, नायिका, पडल्यावर हसू आलेला शिपाई हे सगळ्यांना तोंडपाठ. विंगेत वही घेऊन उकिडवी बसलेली मुलगी आठवायला वीस मिनिटं गेली. आठवली तीही एका पुणेकरणीला, कारण चप्पल हरवली म्हणून दोघी अनवाणी घरी गेल्या होत्या. असेच आणखी प्रश्न आम्ही दिवसभर चालवले. पडदा कोणी ओढायचा? एमसीसीच्या, म्हणजे शाळेतल्या कॅडेट कोअरच्या, बँडमध्ये साइड ड्रम कोणाकडे होता? लेझमांची पोती कोण उचलायचं? इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेला रंगांचं पाणी बदलून कोण द्यायचं? भित्तिपत्रकाला खळ कोणाच्या घरून यायची? अशा प्रश्नांना नायकाचं नाव उत्तर म्हणून चालत नाही, हाच त्यांचा फायदा.

जेवणाआधीची भूक गोखले रोडवरच्या ‘प्रकाश’मध्ये भागवली. साबुदाणा वडा आणि पियुष, दुसरं काही विचारायची गरज नाही. पियुष अजूनही चमचा उभा राहील असं दाट, वर जायफळाचा वास. छोट्या जागेत अकरांना एकत्र बसायला मिळणं अशक्य, त्यामुळे तीन-तीन, चार-चार असे विखुरलो. त्यातून एक नियम सापडला. ध्वनिमुद्रण करायचं तर टेबलाशी तिघांपेक्षा जास्त माणसं नकोत. चौथा आला की एक जण श्रोता होतो, पाचवा आला की एकजण सभा घेतो. मोबाइल उपडा ठेवू नये, माइक असलेली खालची कड बोलणाऱ्याकडे करावी. सुरुवातीला तारीख आणि बोलणाऱ्यांची नावं मोठ्याने म्हणून घ्यावीत, नाहीतर महिन्याभराने ‘रेकॉर्डिंग 27’ मधला आवाज कोणाचा यावर वाद होतात. आणि रेकॉर्ड करतोय हे आधी विचारावं. दोघांनी नको म्हटलं, त्यांचं वहीत लिहून घेतलं.

चारच्या सुमाराला शिवाजी पार्कचा कट्टा. जानेवारी असल्यामुळे ऊन सोसवत होतं, लाल माती मात्र नाकातोंडात. कट्ट्याची फेरी साधारण सव्वा किलोमीटरची. दोन फेऱ्या झाल्या. समर्थ व्यायाम मंदिरात पोरं मल्लखांबावर होती. टांगत्या मल्लखांबाला तेल लावणारा आमच्या वर्गातला मुलगा नकळत दोन पावलं पुढे गेला आणि लांबूनच पकड मोजत राहिला. शाळेत त्याची ओळख ‘वर्गाबाहेर उभा केलेला’ एवढीच होती. इथे तो पुरलेला, टांगता आणि दोरीचा यांतला फरक, कोणत्या पकडीला अंगठा कुठे लागतो, एरंडेल किती लावलं की हात सुटतो, हे सांगत सुटला आणि सगळे गप्प.

पाच नंबरच्या फाटकाजवळ क्रिकेट प्रशिक्षक आचरेकर सरांचं स्मारक आहे, डिसेंबर 2024 मध्ये उभं राहिलेलं. त्यांच्या दोन शिष्यांनी फेब्रुवारी 1988 मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेत 664 धावांची नाबाद भागी केली तेव्हा आमची बॅच पाचवीत होती. त्यानंतर वर्गातला जो तो क्रिकेटर. आमच्या ‘अ’ विरुद्ध ‘ब’ सामन्यांतले षटकार आता आठवणीत किमान दुप्पट झालेत. ते जागेवर आणलं स्कोअररने. त्याने नववीची स्कोअरबुकं जपून ठेवली होती, दोन, निळ्या पुठ्ठ्याची. कडा उंदरांनी खाल्लेल्या, पण शिसपेन्सिलीचे ठिपके जसेच्या तसे. ‘शतक’ म्हणून तीस वर्षं सांगितली गेलेली खेळी 37 निघाली. त्याहून मोलाचं म्हणजे खालच्या फळीत तीन नावं सापडली जी कोणाच्याच तोंडी नव्हती. त्यांतला एक प्रत्येक सामन्यात अकरावा आणि प्रत्येक सामन्यात नाबाद.

तेव्हा माणसांना विचारण्याआधी कागद मागवावेत. स्कोअरबुक, स्नेहसंमेलनाची पत्रिका, स्लॅम बुक, प्रमाणपत्रं, सहलीची वर्गणी लिहिलेली वही. वर्गणीची वही सगळ्यांत प्रामाणिक असते, कारण पैसे कोणी विसरत नाही.

शनिवार

शाळेत माजी विद्यार्थी म्हणून थेट शिरता येत नाही, आणि येऊही नये. मुख्याध्यापकांच्या नावे पत्र महिनाभर आधी द्यावं. त्यात येणाऱ्यांची यादी, वेळ, कोणत्या खोल्या हव्यात, स्वच्छता कोण करणार हे लिहावं. शनिवारी सकाळचं सत्र सुटल्यावरची वेळ मागावी. मुलं वर्गात असताना प्रौढांचा घोळका कॅमेरे घेऊन फिरणं कोणत्याही शाळेला चालणार नाही.

बहुतेकांची समजूत असते की ऑफिसमध्ये गेलं की वर्गाची यादी मिळेल. मिळत नाही. जनरल रजिस्टर शाळा कायम जपते, पण त्यातली नावं प्रवेशाच्या क्रमाने असतात, तुकडीप्रमाणे नाही. पाचवीत आलेला एक पानावर, आठवीत आलेला पन्नास पानं पुढे. वर्गवार यादी हवी तर त्या वर्षीचं निकालपत्रक लागतं. हजेरीपट तर काही वर्षांनी रद्दीतच जातात. आमच्या वर्षाचं निकालपत्रक काही सापडलं नाही. शिवाय रजिस्टरात जन्मतारीख, जात, पत्ता असं सगळं असतं. त्याचा फोटो मागू नये. क्लार्कला आपल्याकडची नावं द्यावीत आणि ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच विचारावं. ते आनंदाने सांगतात.

म्हणजे आधार उरला वर्गाच्या फोटोचा. चार जणांनी आपापले फोटो आणले होते. सगळ्यांत कमी पिवळा पडलेला घेतला. कार्डावर चिकटवलेला फोटो सोलायला जाऊ नये, वरचा थर सुटतो. तसाच 600 डीपीआयला स्कॅन करून ए3 वर छापला. त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त डोक्यांच्या कडा काढल्या आणि खालच्या रांगेपासून, डावीकडून, आकडे टाकले. नावं वेगळ्या कागदावर. फोटोवरच नावं लिहिली की पहिल्याने केलेली चूक पुढचे सगळे खरी धरतात. शिक्षक सोडून डोकी 57. फोटोच्या दिवशी गैरहजर दोन : एकाला कांजिण्या, एक खो-खोच्या सामन्यांना गेलेली. एकूण 59.

छातीवर लावायच्या बिल्ल्यांची युक्ती इथे सांगतो. फोटोतलं प्रत्येकाचं डोकं कापून बिल्ल्यावर छापलं, खाली मोठ्या अक्षरात शाळेतलं नाव आणि त्याखाली बारीक आजचं. मुलींच्या बाबतीत हे फार लागतं. लग्नानंतर आडनाव बदललेलं असतंच, काहींचं नावही. वर्गातल्या सात जणी तीस वर्षं ‘सापडत नाहीत’ या यादीत होत्या त्या एवढ्याचसाठी. त्यांना शोधायची वाट भावाकडून जाते. भाऊ बहुतेक त्याच शाळेचा, दोन-चार वर्षं मागे किंवा पुढे, आडनाव तेच. भाऊ नसेल तर जुनी चाळ, आणि चाळ पाडून टॉवर झाला असेल तर त्या टॉवरच्या सोसायटीचा सेक्रेटरी. सातातल्या पाच मिळाल्या.

मग मुख्य काम, बाकांचा नकाशा. वर्गात तीन रांगा, रांगेत दहा बाक, बाकावर दोघं. मोठ्या कार्डशीटवर तीस चौकोन आखले आणि मधोमध उभी रेघ मारली. पण शीट भिंतीवर लावण्याआधी प्रत्येकाला कोरा ए4 नकाशा आणि शिसपेन्सिल दिली. दहा मिनिटं, बोलायचं नाही. पहिल्या प्रयत्नात सगळं कोसळलं, कारण कोणी स्वतःला खिडकीशी बसवलं, कोणी दाराशी. दोघंही बरोबर होते. आमच्या वर्गात दर सोमवारी रांगा सरकायच्या. खिडकीची रांग मध्ये, मधली दाराशी. रांग सरकली तरी शेजारी मात्र बदलत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीत खिडकी-दार विसरायला सांगितलं. फक्त चार नावं लिहा : शेजारी कोण, पुढे दोघं कोण, मागून पाठीत पेन कोण टोचायचं. या चौकड्या एकमेकींना जोडत गेल्या आणि पाऊण तासात दोन रांगा पूर्ण.

एक गंमत इथे कळली. पहिल्या प्रयत्नात सर्वांत जास्त नावं, एक्केचाळीस, शेवटच्या बाकावरच्याने लिहिली. सर्वांत कमी, नऊ, वर्गात कायम पहिल्या आलेल्याने. तो सहा वर्षं पहिल्या बाकावर होता, त्याने मागे वळून कधी पाहिलंच नव्हतं. मागच्याला मात्र सगळ्यांच्या पाठी, वेण्या, कॉलरचा मळ, खुणेची कानाची पाळी ठाऊक. यादी करायला बसणाऱ्यांनी मॉनिटरला सोडून आधी शेवटचा बाक गाठावा.

नावानंतर प्रत्येक जागेसाठी एक ओळ. त्यात हुशार, शांत, मस्तीखोर, मनमिळाऊ या चार शब्दांना बंदी. ओळीत क्रियापद हवं, आणि ती गोष्ट किमान दोघांनी स्वतंत्रपणे सांगितलेली हवी. ‘शांत मुलगी’ची ओळ अशी झाली : ‘उद्याचा सुविचार आज सुटताना लिहून जायची, शिरोरेघ पट्टीशिवाय सरळ.’ एका ‘साध्या मुला’ची : ‘आरएसपीचा (रस्ता सुरक्षा पथकाचा) पट्टा रोज खडूने पांढरा करायचा आणि शर्टाला डाग पाडून घ्यायचा.’ आणखी एक : ‘भूगोलाचा तास आला की नकाशाच्या खोलीची किल्ली हिच्याकडेच, भारताचा प्राकृतिक नकाशा उलटा टांगला तो हिनेच.’ यात कोणाचे गुण, हुद्दा, पगार येऊ दिले नाहीत. एकदा ते आले की माणसं शाळेतलं सोडून आजचं सांगायला लागतात.

वर्गातले चौघं आता नाहीत. त्यांच्या ओळी सकाळीच, गर्दी जमण्याआधी लिहून घेतल्या आणि घरच्यांना फोन करून वाचून दाखवल्या. एका आईने दुरुस्ती सांगितली : तो पेटी वाजवायचा नाही, भाता मारायचा, वाजवायची मावसबहीण. ओळ बदलली. मेळाव्यात अचानक माइकवरून नावं वाचण्यापेक्षा हे बरं, आणि अर्धवट ऐकीव बातम्यांची खातरजमाही होते. एका ‘गेला’ म्हणून धरलेल्याने फोन स्वतःच उचलला.

जेवणाचं थोडक्यात. माणसं 37, ऑर्डर 40 ची. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, मठ्ठा आणि श्रीखंड पाच किलो. हिशेब पंचविशीतल्या पोटांचा धरला होता. पन्नाशीच्या उंबरठ्यावरच्या वर्गात निम्म्यांना साखर, त्यामुळे दोन किलो श्रीखंड उरलं आणि मठ्ठा पहिल्या पंगतीतच संपला. पुढच्या वेळी श्रीखंड तीन किलो, मठ्ठा दुप्पट, आणि चहाचे दोन थर्मास, एक बिनसाखरेचा, त्यावर मोठ्या अक्षरात लिहून.

संध्याकाळी शीट भिंतीवर गेलं. सगळे समोर उभे राहून आधी स्वतःचा चौकोन शोधत होते. एकूण 59 जागा भरल्या. तिसऱ्या रांगेतल्या सातव्या बाकाची डावी बाजू रिकामी. उजवीकडे बसणारी मेळाव्याला नव्हती, ती परदेशात, रात्री फोन लागला नाही. तिघांनी तीन नावं सुचवली, तिन्ही ‘अ’ तुकडीची निघाली. एकाने शपथेवर सांगितलं की तिथे सहामाहीनंतर बदली होऊन गेलेली मुलगी बसायची. दुसऱ्याने ती आठवीत गेली म्हणून सांगितलं. रजिस्टर सोमवारशिवाय उघडणार नव्हतं.

रविवार

वर्गशिक्षिका बाई आता कांजूरमार्गला लेकीकडे राहतात. सहा जण निघाले. रविवारचं वेळापत्रक बघायचं राहिलं ही चूक आमचीच. त्या दिवशी माटुंगा ते मुलुंड धीम्या मार्गावर दुरुस्तीचा ब्लॉक होता. अशा वेळी धीम्या गाड्या जलद मार्गावरून जातात आणि विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूर इथे थांबत नाहीत. कांजूर खिडकीतून गेलेलं पाहिलं आणि भांडुपला उतरलो. तिथून रिक्षा, तिघं-तिघं, कारण चौथा बसत नाही. म्हाताऱ्या शिक्षकांना भेटायला जाणाऱ्यांनी ब्लॉकची सूचना शनिवारी रात्रीच वाचावी. त्या वेळेवर जेवतात आणि वेळेवर झोपतात, उशीर चालत नाही.

घरी जाताना हार-तुरे, शाल आणि भाषण टाळलं. न्यायच्या वस्तू तीनच : ए3 फोटो, घडी घातलेलं कार्डशीट आणि भिंग. बाईंनी आधी पाणी दिलं, मग लाडू, मग चष्मा पुसला. नावांपेक्षा त्यांच्या लक्षात भावंडं जास्त होती. ‘हिचा मोठा भाऊ माझ्याच वर्गात होता, तो बरा लिहायचा.’ ‘हा त्या तिघांतला मधला.’ शिक्षकांना एकट्या वर्गाबद्दल विचारलं की सगळी वर्षं एकात एक मिसळतात. धाकटी-मोठी भावंडं सांगितली की वर्ष नेमकं सुटं होतं. हे आधी माहीत असतं तर भावंडांची यादी करूनच गेलो असतो.

फोटोवर त्यांनी भिंग फिरवलं आणि दोन आकडे चुकलेत म्हणून सांगितलं. 23 आणि 24 ची अदलाबदल. फोटोवाल्याने उंचीसाठी हलवलं तेव्हा एकीने जायला नकार दिला होता, रिबन दुसऱ्या रंगाची होती म्हणून तिला मागे लपायचं होतं. सायकलवाल्या मुलाची ओळ त्यांनी दोनदा वाचून घेतली. ‘माझ्याकडेही आला होता,’ एवढंच म्हणाल्या. त्या तेव्हा शिवडीला राहायच्या.

मग शीट जमिनीवर पसरलं. बाई खुर्चीतून वाकून रांगेरांगेने बोट नेत होत्या, ओठ हजेरी घेतल्यासारखे हलत होते. तिसऱ्या रांगेत सातव्या बाकावर बोट थांबलं. रिकाम्या जागेबद्दल आम्ही दोन दिवसांची सगळी तर्कटं त्यांना सांगितली : बदलीची मुलगी, ‘अ’ तुकडीचा कोणी, नाव कापलेला कोणी.

‘अरे, तिथे कोण बसणार?’ बाई म्हणाल्या. ‘त्या बाकाची डावीकडची फळी मोडली होती. खिळा वर आलेला. मी वर्षभर शिपायाला सांगत होते.’

शिसपेन्सिल पुण्याच्या मैत्रिणीच्या पर्समध्ये होती. चौकोनात लिहिलं : फळी मोडकी. बाईंनी शीट जवळ घेऊन पाहिलं आणि त्याखाली ‘खिळा’ असं स्वतःच्या हाताने जोडलं, शिरोरेघ पूर्ण करून.

परतीला ब्लॉक संपला होता आणि दादरची धीमी गाडी कांजूरला थांबली.